व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढेनासा झाला तर...

प्रभादेवीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘शेजारची जुनी इमारत पाडून नवी बांधताहेत. सकाळी केर काढला तरी संध्याकाळी फरशीवर पाऊल उमटतं. यजमानांना दमा, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घेतला. आताशा तो धूळ ओढत नाही, दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो आणि तासाभरानं पुन्हा चालतो. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर जळली. सासूबाई म्हणतात, झाडू काय वाईट होता? काय करू?’

ताई, मोटरीचे पैसे तूर्त देऊ नका. जळलेली मोटर तासाभरानं उठून कामाला लागत नाही!

या यंत्रात गूढ असं काही नाही. मोटरीवरचा पंखा आतली हवा मागून बाहेर फेकतो, म्हणून पुढून नळीवाटे हवा आत घुसते आणि येताना धूळ घेऊन येते. धूळ पिशवीत अडकते, हवा पुढे जाते. बहुतेक घरगुती यंत्रांत हीच हवा जाता जाता मोटरीलाही गार ठेवते. वाट तुंबली की ओढ जाते आणि गारवाही जातो. मोटर तापली की आतला थर्मल कट-आऊट वीज तोडतो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. बटण बंद करून प्लग काढावा आणि तासभर थांबावं. प्लग तसाच ठेवलात तर गार झाल्यावर यंत्र आपसूक सुरू होऊ शकतं, आणि नेमका तेव्हा तुमचा हात आत असायचा.

आता कान वापरा. ओढ कमी आणि आवाज नेहमीपेक्षा चढा, किरटा, तर वाट तुंबली आहे. आवाज नेहमीचा पण ओढ नाही, तर हवा मधेच कुठून तरी शिरते आहे: नळीला चीर, झाकणाची कुकरच्या रिंगेसारखी रबरी कड निसटलेली, किंवा मुठीवरची हवेची खिडकी उघडी राहिलेली. ही खिडकी पडदे साफ करताना उघडतात आणि मग विसरतात.

तुंबलंय कुठे? नळी काढा, यंत्र सुरू करून त्याच्या तोंडावर तळहात धरा. हात जोरात ओढला गेला तर दोष नळीत किंवा ब्रशात. प्लग काढून नळीत एक गोटी सोडा. दुसऱ्या टोकानं बाहेर आली नाही तर बोळा बसलाय. बहुधा आत एखादी हेअरपिन आडवी अडकते, तिच्याभोवती केस आणि नारळाची शेंडी गुंडाळत जाते. तार खुपसू नका, नळी फाटते. झाडूच्या दांड्याला फडकं बांधून हलकेच ढकला. मागून हवा फेकण्याची सोय असेल तर नळी तिथे लावून टोकाला जुनी उशीची खोळ बांधा. खोळीशिवाय गॅलरीत हा प्रयोग केलात तर शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्या आणि भांडण, दोन्ही ठरलेलं.

तळहाताला ओढ जाणवली नाही तर पिशवी आणि फिल्टर पाहा. या ताईंचं दुखणं मला इथेच दिसतं. बांधकामाची धूळ सिमेंटची, पिठापेक्षा बारीक. पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नसते, पण कापडाची छिद्रं बुजलेली असतात. रांगोळी, उदबत्तीची राख आणि कॅरमची पावडर हेच करतात. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद करून पाडायला घेतला, तेव्हा स्टेशनाजवळच्या घरांनी धूळ काय ती भरपूर पाहिली. अशा दिवसांत पिशवी भरण्याची वाट न पाहता दर खेपेला झटकावी. धुण्याजोगा फिल्टर (सगळे नसतात, पुस्तिका वाचा) आधी कोरडा झटकावा, मग धुवावा आणि पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. दमट फिल्टरवर सिमेंट थापीसारखं बसतं. आणि ‘तेवढ्यापुरतं’ म्हणून फिल्टरशिवाय यंत्र चालवू नका, धूळ थेट मोटरीत जाते.

यंत्र गारच असताना बंद-चालू होत असेल तर दोष विजेचा. वायर हलवल्यावर थांबलं तर प्लगजवळ तारा तुटल्यात. आतून ठिणग्या आणि करपट वास येत असेल तर मोटरीचे कार्बन झिजले असतील. मिक्सरचे बदलतो तसेच बदलतात, पण ते काम जाणत्या कारागिराचं. हजार ते चौदाशे वॅटचं यंत्र चार ते सहा अँपिअर वीज खेचतं, म्हणून ते मोठ्या पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगवर लावावं, टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर नको. गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून घ्यावी. गुंडाळीत ती तापते.

१९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि तिचे विक्रेते दारोदार येऊन गादीतली धूळ काढून दाखवू लागले. दुरुस्तीवाल्यालाही तसंच तुमच्यासमोर यंत्र उघडून दाखवायला सांगा. मोटर जळली म्हणतो ना, मग काळी पडलेली तार दाखव म्हणावं.

आणि ताई, यजमानांना दमा आहे, तेव्हा पिशवी रिकामी करायची ती ते घरात नसताना, तोंडाला पदर किंवा मास्क लावून, ओल्या वर्तमानपत्रावर. कागद लगेच गुंडाळून कचऱ्यात टाका. सासूबाईंचा झाडूही कोपऱ्यात असू द्या, काचेच्या तुकड्यांना आणि सांडलेल्या पाण्याला तोच बरा.