दारावरची पाटी

घराच्या दारावर पाटी कोठें व कशी लावावी, हा विषय मासिकाचीं पानें खर्चण्याच्या योग्यतेचा आहे काय, असें कोणी विचारील. चार खिळे आणि एक फळी एवढ्यानें जें काम उरकतें, त्यावर प्राध्यापकांनीं प्रवचन कशास द्यावें? परंतु आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गानें स्त्रियांच्या बाबतींत जें बोलून दाखविलें आणि जें खरोखर केलें, त्यांतील अंतर मोजावयाचें असेल, तर या फळीइतकें सोयीचें माप दुसरें नाहीं.

दारापाशीं खुणा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. वाड्याच्या चौकटीवर मधोमध गणपति कोरलेला असे, उंबरठ्यावर हळदकुंकू आणि पुढें रांगोळी असे. रांगोळी काढावयाची ती घरांतील स्त्रीनें. ती सकाळीं उमटे आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखालीं पुसली जाई. पितळी अक्षरांची पाटी मागाहून आली, ती मात्र पुरुषाची. आणि बहुतेक दारांवर ती अजून तशीच आहे.

हें मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. माझ्या दारावर वीस वर्षें माझें नांव होतें, त्याखालीं माझ्या पदव्या होत्या, आणि त्यांनीं एवढी जागा अडविली होती कीं, दुसऱ्या नांवास वावच नव्हता. घराचें कर्ज मात्र दोघांच्या पगारांतून फिटलें. माझी पत्नी शाळेंत शिकविते व लग्नापूर्वींचेंच आडनांव लावते. एके दिवशीं तिची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली, पाटी वाचून जिना उतरली, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन म्हणाली, "बाई, तुमचें घर सांपडलेंच नाहीं." पत्नीनें ही गोष्ट मला हंसत सांगितली. मला हंसूं आलें नाहीं.

कायदा आपल्या दारांच्या पुष्कळ पुढें गेला आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा वांटा मान्य केला. २००५ सालीं हें तत्त्व साऱ्या देशाला लागू झालें. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत १ टक्का सवलत मिळूं लागली. तेव्हां आमच्यांतील कित्येकांना पत्नीच्या नांवाची थोरवी एकाएकीं पटली. खरेदीखतावर तिचें नांव चढलें, आणि दारावर पाटी लागली ती यजमानांची! २०२४ सालीं तर राज्यानें ठरविलें कीं, १ मे २०१४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नांवानंतर प्रथम आईचें आणि मग वडिलांचें नांव यावें. म्हणजे मुलाच्या नांवांत आई आहे, पण त्याच्या दारावर ती नाहीं.

आक्षेपक म्हणतात, स्त्रीचें नांव बाहेर लावणें सुरक्षित नव्हे. एकटी राहणारी बाई या भयानें नांव लपवीत असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याला मी मान देतों. परंतु जेथें दोघें नांदतात, तेथें दोन नांवांवरून घरांत या घटकेला कोण आहे हें कोणत्या चोराला कळणार? दुसरे म्हणतात, कुटुंबप्रमुखाचें नांव पुरे. तर मग केवळ आडनांव लावा, आणि तें दोघांचें एकच असेल तर माझी तक्रार नाहीं. तिसरे म्हणतात, "आमच्या घरांतच याची हौस नाहीं." त्यांना मी एवढेंच विचारतों : तुम्हीं तिला विचारलें होतें काय? मीं वीस वर्षांत विचारलें नव्हतें.

आतां पाटी कशी असावी? ती दाराच्या फळीवर लावूं नये, कारण दार आंत उघडलें कीं पाटीही आंत जाते. बाजूच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर, दिव्याच्या उजेडांत ती असावी. अक्षरें देवनागरी, ठसठशीत आणि दोन्ही नांवांना सारखीं असावीं. "सौ." लिहून पुढें नवऱ्याचेंच नांव कोरणें म्हणजे पत्नीचें नांव लावणें नव्हे. पदव्या गाळाव्या, पाहुणा आपली परीक्षा घ्यावयास येत नसतो. सासूबाई घरांत असतील तर त्यांचेंही नांव असावें. घरांतील सर्वांत जुनी रहिवासी पाहुण्याला केवळ "आजी" म्हणून ठाऊक असावी, हें बरें नव्हे.

एका पाटीनें स्त्रीची स्थिति सुधारेल असें मी म्हणत नाहीं. पण ज्या सुधारणेला चार खिळ्यांपलीकडे खर्च नाहीं, तीही ज्यांच्या हातून होत नाहीं, त्यांनीं सभांतून मोठ्या सुधारणांवर बोलूं नये. दिवाळीपूर्वीं भिंतींना रंग द्याल तेव्हां जुनी पाटी उतरवावीच लागेल. ती पुन्हां ठोकण्यापूर्वीं घरांतल्या बाईला एकदां विचारून पाहा.