फर्दीतून निसटलेली किल्ली

मुलुंडच्या वा बोरिवलीच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत जुनी व्यवस्थापक समिती पायउतार होते, तेव्हा सभासदांची नोंदवही, रोकडवही, इतिवृत्ते, बँकेची पुस्तके, इतकेच काय, पंपाच्या खोलीच्या किल्ल्या यांचीही रीतसर फर्द होते, उभयपक्षी सह्या होतात आणि दप्तर नव्या सचिवांच्या हवाली केले जाते. परंतु ज्या नेटवर्क स्विचवर इमारतीचे कॅमेरे, इंटरकॉम आणि कार्यालयातील संगणक विसंबून असतात, त्याचा पासवर्ड त्या फर्दीत सहसा आढळत नाही. तो कंत्राटदाराच्या माणसाला तोंडपाठ असतो. कंत्राट बदलले की तो माणूस दिसेनासा होतो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६० या जातीच्या स्विचची वीज काढून, कन्सोलची केबल जोडून, दर्शनी भागावरील मोड बटण दाबून धरून वीज पुन्हा दिली, की यंत्र पूर्ण सुरू होण्याआधीच थांबते. तेथे मांडणी (कॉन्फिगरेशन) साठवणाऱ्या ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलीचे नाव तात्पुरते बदलावयाचे. मग स्विच उठतो तेव्हा त्याला आपली जुनी मांडणी सापडत नाही, आणि अर्थातच तो पासवर्डही विचारत नाही. आत शिरल्यावर फाइलीला मूळ नाव द्यावे, मांडणी चालू स्मृतीत आणावी, नवा पासवर्ड घालून ती जतन करावी. मात्र मांडणीवाचून उठलेला स्विच सर्व पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच आभासी जाळ्यात, धरतो, आणि कॅमेरे व हिशेबाचा संगणक यांच्यामधील भिंत तेवढा वेळ नाहीशी होते. म्हणून जाणता कारागीर इतर केबली आधी काढून ठेवतो.

जी वाट धन्याला खुली, तीच चोरालाही खुली. त्यामुळे जिन्याखालच्या उघड्या कपाटात स्विच ठेवणे मला गैर वाटते. ही वाट बंद करण्याची सोय यंत्रात आहे, पण मग पासवर्ड हरवल्यास जुनी मांडणी पुसूनच आत जाता येते. मांडणीची नक्कल बाहेर नसेल, तर त्या सोयीच्या वाटेस जाऊ नये.

यंत्रच निकामी झाले, तर नकलेवाचून गत्यंतर नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील कितीतरी तळमजले पाण्याखाली गेले. बुडालेल्या स्विचच्या जागी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणता येतो; कोणता पोर्ट कोणासाठी राखलेला होता, हे ज्ञान कोणत्याही दुकानात मिळत नाही.

यंत्र शाबूत असूनही ताबा सुटू शकतो. सॅन फ्रान्सिस्को नगराच्या जाळ्याचे पासवर्ड २००८ साली टेरी चाइल्ड्स या एकाच अभियंत्याच्या हाती होते. त्याने ते वरिष्ठांना देण्याचे नाकारले आणि अटकेनंतर अखेर महापौरांच्या स्वाधीन केले. जाळे तेवढे दिवस चालू होते, पण त्यावर नगराचा ताबा नव्हता. ताबा हा संस्थेचाच असला पाहिजे, मग ती महानगरपालिका असो वा घाटकोपरची चोवीस बिऱ्हाडांची इमारत.

गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत एक ठराव अवश्य असावा: पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात सचिवांच्या ताब्यात राहील, प्रत्येक बदलानंतर मांडणीची ताजी नक्कल दप्तरी दाखल होईल, आणि समिती किंवा कंत्राटदार बदलताच नव्या सचिवांसमक्ष जुना पासवर्ड रद्द करून त्याची नोंद फर्दीत घेतली जाईल.