दमलेल्या अम्मीची दुपार



उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोठ्या मुलांसाठी शिबिरांच्या आणि छंदवर्गांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणे, चित्रकला, उर्दू सुलेखन, कुरआनचे वर्ग. घरातल्या दीड-दोन वर्षांच्या लेकराचा मात्र त्यांत कुठेच उल्लेख नसतो. त्याला शाळा नाही, म्हणून सुट्टीही नाही. अंगणवाडीतले शिकणे तिसऱ्या वर्षानंतर. तोवर त्याची शाळा, मैदान, सवंगडी सगळे मिळून एकच, त्याची अम्मी. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता ही अम्मी पार गळून गेलेली असते.

पाणी भरणे, नाश्ता, धुणे, स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधे यांत सकाळ जाते. जुहरची नमाज होते, जेवणे होतात. मराठवाड्यात, सोलापुरात, मालेगावात पंखा गरम हवाच फिरवत असतो. कोकणात अंगाची चिकचिक थांबत नाही. सगळे घर आडवे होते आणि नेमके तेव्हाच लहानग्याला खेळायचे असते. अम्मी पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल किंवा नुकत्याच तापातून उठलेली असेल, तर तिच्यात उठून बसायचेही त्राण नसते. मग ती उशीखालचा मोबाइल काढून त्याच्या हातात देते आणि संध्याकाळपर्यंत मनाला खात राहते.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. लहान मुलाला सतत करमणूक करणारे माणूस लागत नाही. त्याला जवळ असलेले माणूस आणि हाताला काहीतरी काम लागते. अम्मीने नाचावे, गावे, नवे खेळ शोधून काढावेत अशी त्याची मागणीच नसते. तोच डबा तो वीस वेळा उघडतो आणि वीस वेळा लावतो. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे हाच त्याचा अभ्यास असतो.

आडवे पडूनही खेळता येते

आधी खोली पाहून घ्या. दमलेल्या बाईचा डोळा कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून डोळा लागला तरी धोका नसेल अशी एक खोली किंवा खोलीचा एक कोपरा ठरवा. बाहेरच्या दाराला आणि मोरीला वरची कडी लावा. इस्त्री, सुई-दोरा, औषधे आणि गुड नाइटची बाटली उंचावर ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पत्र्याचे कूलर असतात. ओल्या हाताने चालू कूलरला शिवल्यास विजेचा धक्का बसू शकतो. लहान मूल घरात असेल तर कूलर खिडकीबाहेर किंवा आडोशामागे ठेवा आणि त्याचे अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढा.

मग खुशाल चटईवर आडव्या व्हा आणि स्वतःच खेळणे बना. गुडघे उभे केले की खाली बोगदा होतो. त्यातून मूल चेंडू घालवेल, वाटी सरकवेल, शेवटी स्वतःच घुसायला पाहील. तुम्ही आजारी आणि ते डॉक्टर, असेही खेळता येते. ते तुमच्या अंगावर ओढणी घालेल, कपाळाला हात लावेल, खोटे खोटे औषध पाजेल. या खेळात तुमचे काम फक्त कण्हण्याचे, आणि ते त्या वेळी फारसे अवघड नसते!

वस्तू आणण्याचा खेळ माझ्या विशेष आवडीचा आहे. "उशी आण." "चप्पल कुठे आहे?" "दादीची ओढणी दाखव." मूल पळते, शोधते, आणून देते आणि शाबासकी घेऊन पुन्हा पळते. तुम्ही जागच्या हलत नाही. आपल्यातल्या कित्येक घरांत दखनी किंवा उर्दू बोलली जाते आणि दाराबाहेर मराठी. या खेळात दोन्ही आणा. एकदा "तकिया लाओ" म्हणा, एकदा "उशी आण". एकदा "ताला", एकदा "कुलूप". दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, लहान वयात ते दोन्ही सहज उचलते. पहिलीत आलेले हुशार मूल केवळ साधा मराठी शब्द कानावरून गेलेला नाही म्हणून गप्प बसते, हे मी शाळेत दरवर्षी पाहते. त्या पहिलीची तयारी तुमच्या चटईवर पडल्या पडल्या होऊ शकते.

बसल्या बसल्या हाताला काम

1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत गावातल्या आणि पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. बालशिक्षणासाठी महागडी साधने आणणे परवडणारे नव्हते. शंख-शिंपले, खडे, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंतूनच त्यांनी साधने उभी केली. बीएडला हे आम्ही परीक्षेपुरते वाचतो. खरे तर ते प्रत्येक स्वयंपाकघरात लागू पडते.

तुमच्या घरात काय आहे ते पाहा. स्टीलचे चार लहान-मोठे डबे झाकणे काढून पुढे ठेवा. कोणते झाकण कुठे बसते हे शोधण्यात पंधरा मिनिटे जातात. कणीक मळताना लिंबाएवढा गोळा आणि जुने लाटणे द्या. कोथिंबीर निवडताना एक काडी त्याच्या हातात द्या. पानांचा चुरा होईल, होऊ द्या. वाळलेल्या कपड्यांचा ढीग समोर ओढा : अब्बांचे काय, दादीचे काय, माझे काय? घड्या नीट होणार नाहीत, पण वेगळे करणे, जोड्या लावणे हे गणिताचे पहिले पाऊल असते. पलंगावरून चादर खाली सोडली की घर तयार. त्यात एक उशी आणि एक जुनी पर्स ठेवा. पर्समध्ये रुमाल, कंगवा, रिकामी डबी असली की काढ-घाल सुरू होते.

सगळी खेळणी एकदम पुढे ओतू नका. चार वस्तू बाहेर, बाकीच्या पिशवीत बांधून माळ्यावर. आठवड्याने अदलाबदल केली की जुने खेळणे नवे होते.

शंख-शिंपले आणि बिया मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नकोत. जी वस्तू तोंडात पूर्ण जाते ती घशात अडकू शकते. चिंचोके, बटणे, नाणी, मणी लांब ठेवा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका. द्राक्षे उभी चिरून द्या. रिमोटमधला किंवा खेळण्यातला चपटा गोल सेल गिळला गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

पाणी : खेळही आणि धोकाही

उन्हाळ्यात पाण्यासारखे खेळणे नाही. परातीत दोन बोटे पाणी, एक पेला, एक गाळणी, एक चमचा, बस्स. तुम्ही शेजारी पाटावर बसा. शहाबादी फरशी असेल तर जुना ब्रश पाण्यात बुडवून द्या. फरशीवर काळ्या ओल्या रेघा उमटतात, वाळून नाहीशा होतात आणि पाटी पुन्हा कोरी. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा खेळ भाजी धुतलेल्या पाण्यात करा, नंतर तेच पाणी तुळस, मेंदी, गुलाब, जे कुंडीत असेल त्याला घाला.

या खेळात मात्र डोळा लागून चालत नाही. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत वाकून ते तोल जाऊन पडले तर त्याला बाहेर येता येत नाही आणि बहुधा आवाजही होत नाही. वीतभर पाणीही जिवावर बेतू शकते. म्हणून खेळ संपला की परात लगेच रिकामी करा. भरलेल्या बादल्या आणि पिंपे झाकून, मोरीचे दार लावून ठेवा. तुम्हाला झोप अनावर असेल त्या दिवशी पाण्याचा खेळ नकोच.

मूल कारण नसताना किरकिर करत असेल तर खेळण्याआधी त्याला पाणी द्या. बऱ्याचदा ती तहानच असते. ओठ कोरडे, लघवी कमी, मूल मलूल, अशी लक्षणे दिसली तर ओआरएस सुरू करून डॉक्टरांकडे न्या. बारा ते तीन बाहेर काढू नका. पळापळीचे खेळ सकाळी आठच्या आत किंवा असरनंतर उन्हे उतरल्यावर.

मोबाइलचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तितके बरे. कारण साधे आहे. या वयात मूल भाषा शिकते ती समोरच्या माणसाशी देवघेव करून. त्याने "बू" म्हटले की अम्मी "हो, बुल्ली, मांजर" म्हणते. पडदा असे उत्तर देत नाही.

तरीही जिच्या अंगात ताप आहे आणि घरात दुसरे कोणी नाही, तिने दहा मिनिटे मोबाइल दिला तर तिला गुन्हेगार ठरवायचे कारण नाही. गोष्ट सवयीची आहे. रोज त्याच वेळी मोबाइल मिळू लागला की मूल त्या वेळेला तोच मागते. देण्याआधीच "एक गाणे, मग बंद" असे ठरवा आणि तसेच करा. आखातात कामाला असलेल्या अब्बांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे मात्र वेगळे. तिथे समोर माणूस असतो आणि तो उत्तर देतो.

थकवा कुठून येतो?

"उन्हाने होत असेल," म्हणून आपण थकवा अंगावर काढतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, सारखे पडून राहावेसे वाटणे, ही लक्षणे असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सांगितल्या तर नेमाने घ्या, आणि जेवणाला लागूनच चहा पिऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. बाळंतपणानंतर थकव्याबरोबर सतत रडू येत असेल, मुलाजवळ जावेसेच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तो आळस नव्हे आणि नाशुक्रीही नव्हे.

बाकीचे घर कुठे आहे?

जूनमध्ये शाळा उघडली की मी मुलांना सुट्टीत काय केले ते लिहायला सांगते. मुलगे क्रिकेट, विहीर, आंबे लिहितात. दरवर्षी दोन-तीन मुली लिहितात, "मी लहान भावाला सांभाळले." तक्रार म्हणून नव्हे, सहज. दहा वर्षांच्या मुलीने भावाला अर्धा तास खेळवावे यात गैर काही नाही. पण अम्मीच्या थकव्याचे सगळे ओझे तिच्या सुट्टीवर पडू नये. अर्धा तास तिचा, तर अर्धा तास तिच्या मोठ्या भावाचाही.

आणि अब्बांचा एक तास. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत असत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत. सहीह बुखारीतली ही हदीस आपल्या घरांत पुष्कळांना माहीत असते. तिच्यावर अंमल करायला उन्हाळ्यासारखी दुसरी वेळ नाही. असर ते मगरिब लेकरू अब्बांकडे किंवा चाचांकडे. दादी-नानी बसल्या जागी गोष्ट सांगू शकतात. मात्र हे मागावे लागते. "कोणीतरी बघा याला" असे हवेत बोलून उपयोग नाही. "साडेपाच ते साडेसहा तुम्ही घ्या, मी पडते," असे वेळ घालून सांगा.

त्या तासात उठून भांडी घासू नका. पडा.

तुमच्या घरी दुपारचे कोणते खेळ चालतात ते जरूर कळवा. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, त्यांतले निवडक देऊ.