बर्फावरची गाडी

दिवाळीचा फराळ संपत येतो न येतो तोच घराघरांतून नाताळच्या सुटीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत माथेरान-महाबळेश्वरपाशी थांबत. आता मुले मनालीचे नाव घेतात, आणि वडील मंडळींना तिथे स्वतः गाडी हाकण्याची हौस असते. हौसेला मोल नाही, हे मलाही मान्य आहे. पण बोरघाट शंभर वेळा चढलेल्या माणसालाही बर्फ नवाच असतो. म्हणून यंदा त्याविषयी चार शब्द.

३९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद होई आणि पलीकडचे लाहौल कित्येक महिने जगापासून तुटे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला. सुमारे दहा हजार फूट उंचीवरचा हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पलीकडे नेतो. बोगद्याच्या आत बर्फ नाही, हे खरे. पण त्याच्या दोन्ही तोंडांशी रस्ता उघड्यावर आहे, आणि फजिती होते ती तिथे.

पांढरा बर्फ निदान दिसतो तरी. खरा दगाबाज तो न दिसणारा. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावरून वाहते आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी काचेसारखे गोठते. या पातळ थरातून खालचे डांबर दिसते, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. देवदारांची सावली, उन्हाकडे पाठ केलेली वळणे आणि पूल ही याची ठरलेली ठिकाणे. पुलाला वरून-खालून वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. रस्ता ओला दिसतो आहे, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, टायरांचा आवाज एकाएकी मंदावला आणि स्टिअरिंग हलके लागू लागले, की समजावे, आपण बर्फावर आहोत.

आणखी एक गंमत. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा असतो. कारण त्याच्यावर पाण्याचा थर सहज सुटतो. तेव्हा ‘आज थंडी जरा कमी आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता थोडे गणित. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते. गुळगुळीत बर्फावर तिला साठ मीटर लागू शकतात. वेग निम्मा करा, अंतर चौथाईवर येते. बाकी सारी युक्ती यात आली. वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर, आणि स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांपैकी कशालाही हिसका नाही. उतारावर खालच्या गियरमध्ये राहावे, म्हणजे ब्रेकवरचा भार इंजिन उचलते. चाके जागीच फिरू लागली तर दुसऱ्या गियरमध्ये हलकेच उचलून पाहावे. मागची बाजू घसरली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि ती ज्या बाजूला चालली असेल त्याच बाजूला स्टिअरिंग बेताने वळवावे.

‘आमच्या गाडीची चारही चाके इंजिन फिरवते, आम्हाला कसली भीती?’ असे एक गृहस्थ मला म्हणाले. अहो, त्या चार चाकांनी गाडी सुटते छान. थांबायला मात्र तुमचे आणि आमचे टायर सारखेच! साखळ्या बांधायच्या तर इंजिन जी चाके फिरवते त्यांना बांधाव्यात, आणि ती कला घरच्या अंगणात एकदा करून पाहावी. गोठलेल्या काचेवर कढत पाणी ओतू नये, काच तडकते. रात्री गाडी सपाटीवर गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. नुसता हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठलेला सापडण्याचा संभव.

शेवटची गोष्ट थट्टेची नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी सहलीला गेलेल्या कुटुंबांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलेही होती. अशा वेळी ऊब मिळावी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवण्याचा मोह होतो. बाहेर धुराड्याची नळी बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप येते. म्हणून आधी उतरून नळीभोवतीचा बर्फ काढावा, तो पुन्हा साचत नाही ना हे पाहत राहावे, इंजिन थोडाच वेळ चालवावे आणि वाऱ्याच्या आडोशाची काच जराशी उघडी ठेवावी. गाडीत घोंगड्या, पाणी, सुका खाऊ, विजेरी आणि एक लहानसे फावडे असू द्यावे.

आणि वाटेत पोलिसाने अडवले, किंवा तिथल्या टॅक्सीवाल्याने ‘आज नका जाऊ’ म्हटले, तर वाद न घालता गाडी वळवावी. मुले तासभर रुसतील. गरम भजी समोर आली की विसरतील. सूर्य मावळण्याच्या आत मुक्कामी पोहोचा, आणि गाडी चालवण्याचा आग्रहच नसेल तर मनालीपासून पुढे सरळ तिथल्या चालकाच्या हाती स्वतःला सोपवा. खिडकीतून बर्फ पाहण्याचे सुख त्यानेच मिळते!