सांधेदुखी आणि घरचें ताट

मार्गशीर्ष-पौषाची थंडी गोदाकांठीं उतरली कीं नाशिकच्या जुन्या वाड्यांत जिना कोणास किती जड जातो, हें न विचारतां कळतें. मग घरांतील प्रत्येकजण वैद्य होतो. थोरल्या नणंदबाई दही बंद करवितात, शेजारीण वांगें-बटाटा वर्ज्य सांगते, कोणी डाळींवर घसरतो. आणि सहा महिन्यांत सासूबाईंच्या ताटांत भात, साखरेचा चहा व पथ्याचा अभिमान एवढेंच उरतें. दुखणें जागच्या जागीं. झिजतात ते मांडीचे स्नायु, आणि गुडघ्याचा भार तर तेच पेलीत असतात!

दुखणें कोणतें, तें आधीं ओळखावें. वयोमानानें झिजलेला गुडघा, वातरक्त व आमवात हीं तीन निराळीं प्रकरणें आहेत. झिजलेल्या गुडघ्यास वजन उतरविण्याइतकें दुसरें पथ्य नाहीं. स्थूल माणसाचें वजन १ किलोनें घटलें तर चालतांना दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें ४ किलोंनीं हलका होतो. तेव्हां हात आखडावयाचा तो तूप-साखरेवर व चार वाजतांच्या चिवड्यावर, वरण-ताकावर नव्हे.

वातरक्तांत युरिक आम्ल वाढतें. मद्य, मांस, मासळी व बाटलींतील गोड पेयें तें वाढवितात. डाळींवर मात्र उगाच आळ आहे. २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या बारा वर्षांच्या पाहणींत भाज्या व डाळींसारखे पदार्थ निर्दोष ठरले, आणि दूधदुभतें तर उपकारकच आढळलें.

आमवाताची गोष्ट गंभीर. सकाळीं बोटें अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर स्वयंपाकघरांत उपाय शोधीत बसूं नये. वेळेवर औषध न मिळाल्यास सांधे कायमचे वांकडे होतात. नॉर्वेमध्यें १९९१ सालीं उपवास व त्यापुढें वर्षभर शाकाहार असा प्रयोग झाला आणि कित्येक रोग्यांस आराम पडला, हें खरें. परंतु तो उपवास भाज्यांच्या सारावर होता. आपली एकादशी साबूदाण्याच्या खिचडीवर असते! शिवाय आहार हा औषधाचा सोबती, त्याचा वारस नव्हे. गुण येतांच गोळ्या स्वतःच्या मनानें सोडणें, किंवा ‘चार दिवसांत गुण’ देणाऱ्या निनांवी पुड्या घेणें घातक होय. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें सांपडलें आहे.

जवसाची चटणी रोज अवश्य वाढावी. मासळीच्या तेलांत असणारें सूज उतरविणारें द्रव्य जवसापासून शरीरांत थोडेंच तयार होतें, म्हणून तिला औषध मात्र समजूं नये. पेठ-सुरगाण्याकडील नागलीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तिची भाकरी हाडांस हितकर.

राहिलें वांगें. तें सर्वांनाच बाधतें, यास पुरावा नाहीं. शंका असेल तर तीन आठवडे बंद ठेवावें, पुन्हा खाऊन पाहावें; फरक न पडल्यास सासूबाईंच्या आवडीचें भरलें वांगें खुशाल करावें.