बरे न झालेल्यांची साक्ष

नागपूरचं मिहान म्हटलं की सरकारी कागदांवर मालवाहू विमानं, सेझ आणि आयटी कंपन्या दिसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, थेट बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतच्या घरांना मात्र मिहान ठाऊक झालं ते एम्समुळे. ‘एम्सले नेलं’ एवढं कानावर पडलं की ऐकणारा पुढचं फार विचारत नाही. आईच्या आजारपणात माझंही तिथं येणंजाणं सुरू झालं.

मोठ्या दवाखान्यात वाट पाहावीच लागते. रिपोर्टची, डॉक्टरांच्या फेरीची, ऑपरेशनचं दार उघडण्याची. त्या वेळात माणसं किती वाचतात, हे तिथं बसल्यावर कळलं. कुणी ‘गजानन विजय’चा अध्याय लावून बसलेला, कुणाच्या हातात कुराणाची छोटी प्रत. मी आईला स्तोत्रसंहिता वाचून दाखवायचे. एकदा पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, “जरा मोठ्यानं वाच ना वं माय, मले बी आयकू दे.” तिचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नव्हता. थोडं ऐकून ती उठून बसली. “हा तं देवाशीच भांडून राह्यला वं!” तिच्या आवाजात नवल होतं आणि समाधानही.

तिनं अगदी नेमकं ओळखलं होतं. दीडशे स्तोत्रांमध्ये स्तुती आहे, उपकारस्मरण आहे, पण गाऱ्हाणी फार मोठ्या संख्येनं आहेत. तू कुठे आहेस, का ऐकत नाहीस, किती दिवस असा तोंड फिरवून बसणार? 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी उजेड दाखवायची घाई त्यात कुणी केलेली नाही, आणि तरीही शतकानुशतकं ते पवित्र शास्त्रात आहे. आईला तेच हवं असायचं. भेटीला आलेली माणसं प्रेमानंच सांगायची की देवाची काहीतरी योजना असेल. आई मान हलवायची, आणि ती माणसं निघून गेली की मला म्हणायची, “88वं काढ.”

पुस्तकातून मिळणाऱ्या शांतीची आमच्या नागपूरची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पुन्हा पुन्हा सांगितली जाते. कवी नारायण वामन टिळक इथं आप्पासाहेब बुटींकडे काम करत होते. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला आणि त्यानं नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो आपल्या सवयीप्रमाणे पेन्सिलीनं खुणा करत वाचायला घेतला. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात, ते अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट बहुतेक वेळा इथं थांबवली जाते. मला ती थांबवणं पटत नाही, कारण ज्या वाचनानं नवऱ्याला शांती दिली, त्याच वाचनानं लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. नातलगांच्या आधारानं, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. त्या दुःखात त्या ओव्या-कविता रचू लागल्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडूनच. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या त्या स्वतःचा धर्म सांभाळून. सोवळंओवळं आणि जातपात सुटली ती त्यांनी स्वतः विचार केल्यावर, आणि बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षं मला त्या गाडीतल्या प्रवासाइतकीच पवित्र वाटतात.

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांवर अडलेलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली आला. त्यात टिळकांचा संताप आहे, त्यांचं घर सोडून निघून जाणं आहे, स्वतःचा राग आहे, आणि कशावरही पांघरूण नाही. तरीही हे एका श्रद्धावान बाईचं पुस्तक आहे, हे पानोपानी जाणवतं. 1933 मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपुरात भरलं तेव्हा त्याच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याचा तो प्रवास जिथून सुरू झाला, त्याच गावात.

लिहिण्यानं काय होतं, हे 1986 मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं तपासलं. त्यानं काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आघाताविषयी लिहायला लावलं. घडलेलं आणि त्यामुळे वाटलेलं असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लगेच बरं नाही, उलट वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत इतरांच्या मानानं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. आधी दुखतं, मग उतरतं, हे स्तोत्रकर्त्यांना तर ठाऊक असणारच.

आईनं वही मागितली तेव्हा मला वाटलं, प्रार्थनेचे विषय लिहील. तसे तिनं लिहिलेही. पलीकडच्या खाटेवरच्या त्या बाईचं नाव त्यात होतं. पण पानंच्या पानं भरली होती ती माझ्या आधी जन्मलेल्या आणि काही दिवसांतच गेलेल्या मुलाविषयी. घरात त्याचं नाव कधी निघालं नव्हतं. तिनं त्याच्यासाठी निवडलेलं नाव मला त्या वहीतून कळलं. त्या दिवसांत देवाला विचारायचे राहिलेले प्रश्न तिनं आता विचारले होते. उत्तरं लिहिलेली नव्हती. आजार हटला नाही, थंडीत ती गेली. पण ती वही भरत असताना ती रात्रीची झोपत होती आणि सकाळी स्वतःहून प्रार्थना म्हणत होती, हे मी पाहिलं आहे.

आमच्या उपासनेत साक्ष द्यायला बरे झालेले लोक उभे राहतात. राहावेतच, कृतज्ञता बोलून दाखवली पाहिजे. पण ज्यांचा आजार हटला नाही, ज्यांचं माणूस परत आलं नाही आणि जे तरीही रविवारी येऊन बसतात, त्यांना आपण कधी पुढे बोलावत नाही. लक्ष्मीबाईंना कुणी सांगितलं असतं की सगळं नीट झाल्यावरच लिहा, तर ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला मिळालंच नसतं.

नागपुरातल्या भगिनी मंडळांना, पाळकांना आणि तरुण संघांना माझी विनंती आहे. वॉर्डात भेटीला जाताना फळं न्या, नवा करार न्या, आणि त्याच्याबरोबर एक कोरी वही आणि पेनही न्या. वाचून दाखवताना गाऱ्हाण्यांची स्तोत्रं वगळू नका. त्या वहीत काय लिहिलं, हे मात्र रोग्याला विचारू नका; त्याला वाटलं तर तो दाखवेल. आणि पुढच्या साक्षीच्या रविवारी, बऱ्या न झालेल्या एका माणसाला आधी बोलू द्या.