खुर्ची मिळाली, पण घराबाहेर कसं पडायचं?

रमजान जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. मागे बॅनर, पुढे ओळीने मांडलेल्या व्हीलचेअर, प्रत्येक खुर्चीमागे एक पाहुणा उभा. खाली पन्नास वेळा ‘माशाअल्लाह’. देणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका नाही. माझा प्रश्न त्या फोटोच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. त्या खुर्चीवर बसून किती माणसं आपल्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडली, हे कुणी मोजतं का?

हा प्रश्न मला माझ्या मावसभावामुळे पडला. आयटीआय फिटर. भोसरीत काही वर्षं काम केलं, मग दम्मामला गेला. तिथे स्कॅफोल्डिंगवरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं शरीर बधिर झालं. वय ३१. दोन महिन्यांनी तो विमानातून आला तो थेट रहाटणीत, खालाच्या घरी. इमारत साधीच, आपल्याकडे गल्लोगल्ली असते तशी. खाली पार्किंग, चार पायऱ्या, मग लिफ्ट.

पहिल्या वर्षात त्याला तीन व्हीलचेअर मिळाल्या. एक नातेवाइकांनी दिली, एक एका ट्रस्टने, एक एका शिबिरात. तिन्ही फुकट आणि तिन्ही सारख्याच: १८ इंच रुंद बैठक, रेक्झिनचं झोळीसारखं आसन, वजन १८-२० किलो. भावाची कंबर १५ इंचांची. दोन्ही बाजूंनी जागा मोकळी राहिली की माणूस एका बाजूला कलतो, सगळा भार एकाच कुल्ल्यावर येतो. पाय बधिर असल्यामुळे त्याला ते कळतही नाही. जखम झाली ती खालाला कपड्यावरच्या डागावरून कळली. त्यानंतर पाच महिने तो पालथा झोपून होता. घरात तीन खुर्च्या होत्या आणि बसायला एकही नव्हती.

ज्यांच्या घरात असा रुग्ण नाही त्यांना वाटेल, बिछान्याच्या जखमेचं एवढं काय? कण्याच्या दुखापतीत ही जखम जीवघेणी ठरू शकते. ती हाडापर्यंत जाते, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच व्हीलचेअर देण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा साधा आहे: माणसाला तपासा, माप घ्या, मापाची खुर्ची आणि योग्य उशी द्या, ती वापरायला शिकवा आणि नंतर पुन्हा भेटून बघा. चष्मा आपण असाच करतो. एकाच नंबरचे शंभर चष्मे आणून रांगेतल्या प्रत्येकाच्या नाकावर कुणी चढवत नाही. व्हीलचेअरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो आणि वर सवाबाची अपेक्षा ठेवतो.

यात एक सरकारी अडचणही आहे. केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. कमी उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना तिच्यातून साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. कानपूरची सरकारी ‘अ‍ॅलिम्को’ कंपनी ती बनवते. पण नियम असा की, त्याच कारणासाठी सरकारकडून, पालिकेकडून किंवा स्वयंसेवी संस्थेकडून मागच्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. म्हणजे शिबिरातली बेमाप खुर्ची हातात पडली की पुढची तीन वर्षं योग्य खुर्चीचा हक्कही अडकू शकतो. चुकीचं दान निरुपद्रवी नसतं ते असं.

चांगली खुर्ची आपल्या देशात बनत नाही असं नाही. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या ‘निओमोशन’ने मापावर बनवलेली ‘निओफ्लाय’ आणली. तिची किंमत चाळीस हजारांच्या आसपास होती. तिला पुढून जोडायचं बॅटरीचं एक चाक आहे, ‘निओबोल्ट’. २०२१ मध्ये त्याची किंमत ५५ हजार सांगितली गेली. ताशी २५ किलोमीटर वेग, एका चार्जिंगमध्ये २५ किलोमीटर अंतर. परदेशी खुर्च्या लाखांत जातात, त्यापेक्षा हे स्वस्त. पण ज्या घराची एकुलती कमाई बंद पडली आहे, त्या घराला चाळीस हजार हे सहा महिन्यांचं घरभाडं असतं.

आता खुर्चीपेक्षा मोठा खर्च बघू, ज्याकडे फोटो काढणाऱ्या कुणाचंच लक्ष जात नाही. तो म्हणजे येण्याजाण्याचा. रहाटणीहून संत तुकारामनगरला, वायसीएम रुग्णालयाच्या बाजूला, फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीन वेळा जायचं. रिक्षावाला खुर्ची पाहून आधी मान हलवतो, मग मीटर सोडून दर सांगतो. एका फेरीचे दीडशे धरा. जाऊन-येऊन तीनशे, आठवड्याचे नऊशे, वर्षाचे ४६ हजार ८००. म्हणजे एका वर्षाच्या रिक्षाभाड्यात मापाची खुर्ची येते आणि वर पैसे उरतात. हा हिशेब मी एक्सेलमध्ये मांडून घरच्यांना दाखवला तेव्हा खाला एवढंच म्हणाली, “म्हणूनच तर तो जायचा बंद झाला, बेटा.”

बस आणि मेट्रो आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. स्टेशनवर लिफ्ट आहे, डबा आणि फलाट एका पातळीत आहेत. मेट्रोत शिरल्यावर अडचण फारशी नाही. अडचण आहे ती घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याची. फुटपाथवर उभ्या केलेल्या दुचाक्या, कडेचे उंच ब्लॉक, ड्रेनेजची वर आलेली झाकणं. कोकणे चौकातून बीआरटीचा मार्ग जातो. बीआरटीची मूळ कल्पनाच अशी की थांबा आणि बस एका उंचीवर असावेत, खुर्ची सरळ आत जावी. पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या त्या थांब्यापर्यंत वाहनांच्या गर्दीतून चाकं न्यायची कशी?

ही तक्रार नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सर्वांना वापरता येईल अशी करण्याचं बंधन आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुगम्यतेचे नियम म्हणजे नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, काही किमान निकष सक्तीचे हवेत. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. या सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक योजनांची दारं उघडतात. आपल्या किती मशिदींच्या नोटीस बोर्डवर ही माहिती आहे?

आखातात जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट, ही वाचून पुढे पाठवा. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूला किंवा नोकरी घालवणाऱ्या कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. पण ही योजना सक्तीची आहे ती ‘ईसीआर’ पासपोर्ट असलेल्यांना, म्हणजे ढोबळमानाने दहावीही न झालेल्यांना. दहावी पास झालेला, आयटीआय, डिप्लोमा केलेला पोरगा या सक्तीच्या बाहेर पडतो. काम तेच, उंची तीच, विमा मात्र नाही. आपण पोरांना शिका म्हणतो, ते बरोबरच आहे. पण शिकलेल्याने आपला अपघात विमा आपणच उतरवायचा असतो, हे त्याला सांगायला विसरतो. सौदीत खासगी नोकरीतल्या परदेशी कामगारासाठीही मालकाने वेतनाच्या दोन टक्के रक्कम ‘गोसी’ या सामाजिक विम्यात भरायची असते. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई त्यातून मिळते. त्याचे कागद आणि डॉक्टरांचा अहवाल तिथून निघण्यापूर्वी ताब्यात घ्यायचे असतात. एकदा माणूस स्ट्रेचरवर मायदेशी आला की तिकडच्या कार्यालयात फोन उचलायलाही कुणी नसतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मार्ग फार अवघड आहे. तो आपल्याच माणसांनी काढून दाखवला आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात, शिकत असतानाच कमरेखाली लुळ्या पडल्या. स्वतः व्हीलचेअरवर असूनही उद्योग सांभाळणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्या मनाने उभारी धरली. त्यांनी कस्टम्स आणि एक्साइज खात्यात नोकरी केली. १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यातून अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह, शिक्षण, रोजगार असं काम वाढत गेलं. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, जरूर वाचा. एका मराठी मुस्लिम मुलीने हे केलं. आज आपल्या घरांत तशीच एखादी मुलगी असेल तर ती कुठे असते? आतल्या खोलीत. मुलग्यासाठी निदान खुर्ची मागितली जाते. मुलीसाठी ‘तिला कुठे बाहेर जायचंय’ या एका वाक्यावर विषय संपतो. हे मी आपल्याच घरांबद्दल बोलतो आहे.

मग आपण करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात, तिन्ही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, पैसा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या बचतीवर वर्षाला अडीच टक्के जकात निघते. दहा लाखांवर पंचवीस हजार. अशा दोघांची जकात म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं रिक्षाभाडं. जकात ही हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे असं बहुतेक उलेमा सांगतात. मग ती त्याच्याच खात्यात जाऊ द्या, खुर्ची कुठली घ्यायची ते तो ठरवेल. उरलेली लिल्लाह आणि सदक्याची रक्कम दोन-चार मोहल्ले मिळून साहित्य बँकेसाठी ठेवा. हवेची गादी, पाण्याची उशी, कमोड खुर्ची, पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी. गरज संपली की परत करायची, दुसऱ्याला द्यायची.

दुसरी, वेळ. दर जमातीत एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी कागदपत्रांसाठी नेमा. यूडीआयडीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, पालिकेच्या योजना, आखातातल्या विम्याचा पाठपुरावा. आणि प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन ओळखीचे रिक्षावाले ठरवून ठेवा, ज्यांना माणूस कसा उचलायचा आणि खुर्ची कशी घडी करायची हे शिकवलं आहे. त्यांना महिन्याचे पैसे वेळेवर द्या, मान हलवणं आपोआप थांबेल.

तिसरी, उतार. आपल्या मशिदी, मदरसे आणि शादीखाने यांच्या दाराशी. नियम सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच उतार. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे चोवीस फूट. जागा नसेल तर वळवून घ्या. भाऊ जखम बरी झाल्यावर जुम्म्याला जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला दोन अडथळे सांगितले जातात. एक पायऱ्यांचा, दुसरा चाकांच्या पाकीचा. चाकं ओल्या फडक्याने पुसता येतात, आतल्या वापरासाठी मशिदीत वेगळी खुर्ची ठेवता येते. इब्न उम्मे मक्तूम यांना दिसत नव्हतं, तरी ते मदिनेत अजान देत आणि रसूलुल्लाह बाहेर गेले की शहराचा कारभार त्यांच्यावर सोपवला जाई. त्यांच्यामुळेच सूरह अबसा उतरली, हे आपण मक्तबात शिकलो. ते शिकलेल्या उम्मतीच्या मशिदीत दिव्यांगाला दाराबाहेर चपलांजवळ बसावं लागू नये.

काही मित्र विचारतात, हे सरकारचं काम, आपण कशाला करायचं? सरकारचं काम सरकारकडूनच करून घ्यायचं आहे. फुटपाथसाठी, बससाठी, पाच टक्के निधीच्या हिशेबासाठी पालिकेत अर्ज गेलेच पाहिजेत. आणि त्यावर फक्त मुस्लिम नावं नकोत, सोसायटीतल्या जोशीकाकूंच्या गुडघ्यांचाही प्रश्न तोच आहे. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत माणसाने पालथं पडून राहायचं का? हक्क मागणं आणि शेजाऱ्याला आधार देणं, दोन्ही आपल्याला एकाच वेळी करावं लागेल.

म्हणून या रमजानमध्ये तुमच्या ट्रस्टची मीटिंग होईल तेव्हा ‘किती खुर्च्या वाटायच्या’ यावर ठराव होऊ देऊ नका. त्याऐवजी मोहल्ल्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक माणसाची, बाईंचीसुद्धा, यादी करा. बरोबर मापाची टेप घेऊन जा. आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: तुम्ही घराबाहेर शेवटचं कधी गेला होता, आणि आता कुठे जायचं आहे? पुढच्या रमजानला त्याच यादीवर बसून बघा, किती जण तिथे पोहोचले.